डुलणारी होडी, बुडणारी होडी

सोलापूर आणि होडी या दोन शब्दांची जोडी सहसा कोणी जुळवीत नाही. सोलापूर म्हटले की चादर आठवते, शेंगांची चटणी आठवते, डोके तापविणारे ऊन आठवते. पाण्याची गोष्ट निघालीच, तर ती नळाला पाणी केव्हा येणार एवढ्यापुरतीच निघते. पण ज्या उजनीच्या जलाशयातून हे नळाचे पाणी येते, त्याचा विस्तार एकदा करमाळ्याच्या बाजूने जाऊन पाहावा. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमा जिथे भिडतात तिथे एक लहानसा समुद्रच तयार झाला. यशवंतसागर हे त्याचे नाव सार्थ वाटावे असा! जुने रस्ते पाण्याखाली गेले. समोर दिसणाऱ्या गावाला जावयाचे तर मैलोगणती वळसा पडू लागला. तेव्हा काठच्या माणसांनी नदीकाठच्या माणसांचा जुनाच मार्ग धरला. ते होडीत बसले.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली अशीच एक होडी वादळी वाऱ्यात सापडून बुडाली. एक जण पोहत काठाला लागला. बाकीच्या सहा जणांचा, त्यांत दोन लहानग्यांचा, अंत झाला.

अशी बातमी वाचली की आपण हळहळतो, वाऱ्याला दोष देतो आणि पान उलटतो. वारा तर कारण खराच. पण त्याच वाऱ्यात एखादी होडी तरते आणि एखादी उलटते, असे का व्हावे? होडीला तोल असतो म्हणजे नेमके काय असते? हा प्रश्न केवळ खलाशांचा नाही. कार्तिकीला चंद्रभागेत होडीने पलीकडे जाणाऱ्या, हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी पाहावयास मुलाबाळांसह निघणाऱ्या तुमच्याआमच्यासारख्या प्रत्येक कुटुंबाचा तो प्रश्न आहे. आणि मौज अशी की, त्याचे उत्तर आपल्या मनातल्या समजुतीच्या बरोबर उलट निघते. जी होडी पाय ठेवताच डुलते ती धोक्याची आणि जी जमिनीसारखी स्थिर वाटते ती भरवशाची, असे आपण धरून चालतो. होडीचे शास्त्र सांगते : थांबा, इतकी घाई करू नका.

घरातल्या हौदातले शास्त्र

दिवाळीत घासून लखलखीत केलेली पितळी परात घ्या आणि ती हौदात किंवा मोठ्या टबात तरंगत ठेवा. मधोमध पाण्याने भरलेले भांडे ठेवले तरी ती निश्चल राहील. बोटाने तिची एक कड दाबून पाहा. परात विरोध करील, बोटाला जोर लावावा लागेल. आता नारळाची अर्धी करवंटी पाण्यावर सोडा. नुसता स्पर्श करताच ती हेलकावे खाऊ लागेल.

असे का? पाण्यावर तरंगणाऱ्या प्रत्येक वस्तूवर दोन जोर चाललेले असतात. वस्तूचे वजन तिला खाली ओढते. बाजूला सारलेले पाणी तिला वर लोटते. आर्किमिडीजची ही गोष्ट आपण सारेच शाळेत शिकलो. वजनाचा एक मध्यबिंदू असतो आणि पाण्याच्या लोटण्याचाही एक मध्यबिंदू असतो. होडी सरळ असताना हे दोन्ही एकाच उभ्या रेषेत असतात. होडी कलली की कललेल्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो, म्हणून पाण्याचा जोर त्या बाजूला सरकतो आणि तिथून वर लोटून होडीला पुन्हा सरळ करू पाहतो. परातीचा तळ रुंद व सपाट असल्यामुळे जराशा कलण्यानेही हा जोर पुष्कळ दूर सरकतो. करवंटीचा तळ गोल. ती कलली तरी पाण्यातल्या भागाचा आकार फारसा बदलत नाही, म्हणून जोर आहे तिथेच घुटमळतो. गोल ओंडक्यावर उभे राहता येत नाही आणि फळीवर राहता येते, त्याचे कारण हेच.

या विचाराला गणिताची बैठक दिली ती पिएर बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने. जहाज कलताना पाण्याचा जोर ज्या एका बिंदूतून वर जातो, त्याला त्याने १७४६ च्या आपल्या ग्रंथात ‘मेटासेंटर’ असे नाव दिले. जहाजाचा गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेल तोवर जहाज सावरते. वर गेला की उलटते. गंमत म्हणजे जहाजांवरचा हा ग्रंथ त्याने बराचसा लिहिला तो समुद्रावर नव्हे, तर पृथ्वीचे मापन करावयास गेलेल्या मोहिमेबरोबर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात! होडीचा विचार करावयाला समुद्रकाठीच राहावे लागते असे नाही, हे सोलापूरकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या गणितातून एक विलक्षण नियम निघतो. लांबी आणि भार तेवढेच ठेवून होडीची रुंदी वाढविली, तर तळाच्या आकारातून मिळणारी सावरण्याची ताकद रुंदीच्या घनाने वाढते. रुंदी दुप्पट, तर ताकद आठपट. चार फुटी होडी पाच फुटी केली, तरी ही ताकद जवळजवळ दुप्पट होते. मग प्रत्येक होडी रुंद आणि सपाट का करू नये?

काहिलीचा धडा

नदीकाठच्या आपल्या गावांनी हा प्रयोग पिढ्यान् पिढ्या केलेला आहे. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवावयाची ती भली मोठी, उथळ काहील ठाऊक आहे ना? पूर आला आणि होडी हाताशी नसली की तीच पाण्यात लोटायची, त्यात माणसे बसवायची आणि पैलतीर गाठावयाचे. काहील म्हणजे मोठी परातच. संथ पाण्यात तिच्याइतके निवांत वाहन नाही.

पण आता हौदातल्या आपल्या परातीकडे परत या आणि तिची कड आणखी दाबा. ती विरोध करते, करते, आणि कड पाण्याला टेकते त्या क्षणी सारे संपते! पाणी आत शिरते आणि परात क्षणार्धात तळाशी जाते. उलट करवंटीत चार खडे टाकून तिला चांगली कलती करा. ती डुलेल, झुलेल, आणि पुन्हा सरळ होईल.

येथे तोलाचे दोन प्रकार स्पष्ट दिसतात. पहिला तोल म्हणजे सुरुवातीचा ताठपणा. होडीत पाय ठेवताच आपल्याला जाणवतो तो हा. दुसरा तोल म्हणजे होडी बरीच कलल्यावर तिच्यात उरलेली सावरण्याची शक्ती. पहिला मिळतो रुंद व सपाट तळातून. दुसरा अवलंबून असतो काठांच्या उंचीवर, बाहेरच्या बाजूला फाकत गेलेल्या कडांवर आणि वजन किती खाली आहे यावर. पहिला तोल पायांना कळतो. दुसरा वेळ आल्याशिवाय कळत नाही. आणि आपण विश्वास ठेवतो तो पहिल्यावर!

आत शिरलेल्या पाण्याचे तर आणखीच वाईट. चार मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद अशा सपाट होडीत केवळ घोट्याएवढे, म्हणजे दहा सेंटिमीटर, पाणी साचले तरी त्याचे वजन पाचशे किलोच्या घरात जाते. म्हणजे आठ धडधाकट माणसे जास्तीची बसली! आणि ही माणसे होडीवाल्याचे ऐकणारी नसतात. होडी ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला ती सगळी एकदम धावतात. परातीत पाणी घेऊन स्वयंपाकघरातून अंगणात जाणाऱ्या गृहिणीला हे वेगळे सांगावयास नको. त्यातही रुंदीचाच घन लागू पडतो : तळ जितका रुंद, तितके हे धावते पाणी अधिक घातक. ज्या रुंदीने तारले, तीच मारावयास उठते.

लाटांवरची उलटी तऱ्हा

लाटांची गोष्ट निराळीच. रुंद, सपाट होडी पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहू पाहते. पाणी सपाट तेव्हा ती सपाट. पण बाजूने लाट आली की पाण्याचाच उतार होतो आणि होडी इमानाने त्या उताराबरोबर कलते. उजनीसारख्या विस्तीर्ण जलाशयावर वळवाचा वारा सुटला, तर त्याला अडविणारे काही नसते. मैलन् मैल मोकळ्या पाण्यावरून येताना तो आखूड, चढ्या लाटा उठवितो. अशा वेळी संथ नदीतल्या होडीचा ताठपणाच तिच्या मुळावर येतो.

समुद्रावर जन्म काढलेल्या माणसांनी म्हणून अगदी दुसरी वाट धरली. ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांची कायाक पाहा. पूर्वी त्यांना एस्किमो म्हणत. बर्फाळ समुद्रात सीलची शिकार करावयाची ही एकट्या माणसाची होडी. लांबी पाच मीटरच्या आसपास आणि रुंदी हात-सव्वा हात. लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेले सीलचे कातडे. होडी मालकाच्या अंगाला बेतायची, जसा आपण अंगरखा बेततो. लांबी त्याच्या तीन वावांइतकी आणि रुंदी कमरेहून दोन मुठी जास्त, असा त्यांचा ठोकताळा सांगतात.

अशा होडीत नवशिका बसला तर क्षणभर स्थिर राहणार नाही. पण तिचा तळ गोलसर किंवा मधोमध किंचित कण्यासारखा उतरता असतो आणि कडा वर फाकत जातात, म्हणून कलता कलता तिचा आधार वाढत जातो. बाजूने लाट आली तर होडी उतारावर आडवी पडत नाही. वल्हवणारा कंबर किंचित हलवितो, लाट खालून निघून जाते आणि होडी उभीच्या उभी. माणूस जवळजवळ तळावरच पाय लांब करून बसतो, त्यामुळे वजन खाली राहते. वरची बाजू बंद. माणसाच्या कमरेभोवतीही आच्छादन घट्ट आवळलेले, म्हणजे पाणी शिरावे तरी कुठून? इतके करूनही उलटलीच, तर वल्ह्याच्या एका फटक्यासरशी तो पाण्याखालून गिरकी घेऊन पुन्हा वर येतो. आजच्या प्लॅस्टिकच्या व फायबरच्या समुद्री कायाकींनीही हाच आकार उचलला आहे. शिवाय पुढे व मागे हवाबंद कप्पे, म्हणजे पाणी शिरले तरी थोड्याच जागेत राहील.

अशा अरुंद होडीचा पल्ला किती असावा? ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन तरुण १९३२ मध्ये कापडी आवरणाची घडीची कायाक घेऊन उल्म गावाहून डॅन्यूब नदीत उतरला. इराणच्या किनाऱ्याने, आपल्या पश्चिम किनाऱ्याने, श्रीलंकेवरून पूर्वेकडे वल्हवीत तो १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तोवर महायुद्ध पेटले होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून बिचाऱ्याला तिथे पोचताच स्थानबद्ध व्हावे लागले! समुद्राने दया केली, माणसांनी केली नाही.

वेगासाठी डुलणे पत्करणारी होडी आपल्या महाराष्ट्रानेही पाहिली आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या दुष्काळी मुलुखातून आलेले दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये ज्या एकट्याच्या शर्यती नावेत बसले, ती जात अशी अरुंद की वल्ह्यांचा आधार सुटला तर ती उभी राहावयाची नाही. तिथे तोल होडीत नसतोच. तो वल्हवणाऱ्याच्या दोन हातांत असतो.

कोकणची उलांडी

पण प्रत्येकाने अशी कसरत का शिकावी? आपल्या कोकणच्या कोळ्यांनी या कोड्याचा तिसराच उलगडा केला. होडी अरुंद व चपळच ठेवावयाची, आणि तिच्या एका अंगाला, दोन आडव्या वाशांच्या टोकांना, पाण्यावर तरंगणारा एक लाकडी ओंडका बांधावयाचा. हीच उलांडी. होडी ओंडक्याच्या बाजूला कलली तर ओंडक्याला पाण्यात बुडावे लागते आणि तो वर उसळी घेतो. दुसऱ्या बाजूला कलली तर ओंडक्याला हवेत उचलावे लागते आणि त्याचे वजन होडीला मागे खेचते. सावरणारा आधार होडीपासून लांब, म्हणून लहानशा लाकडाने मोठे काम होते. प्रशांत महासागरातील बेटांवरचे लोक याच युक्तीने दूरदूरचे समुद्र ओलांडत.

चौथी युक्ती वजनाची. जत्रेत मिळणारी ती ढकलली की पुन्हा उठून बसणारी बाहुली आठवा. सारे वजन तिच्या बुडाशी असते. खोल समुद्रातल्या शिडाच्या नौकांच्या तळाशी असाच जड कणा बसविलेला असतो. गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ ही नौका घेऊन नौदलातील अभिलाष टॉमी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने ती नौका उलटवली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. पण नौका पुन्हा सरळ झाली आणि तरंगत राहिली. म्हणून तर त्यांची सुटका करणाऱ्यांना ती सापडली.

माणसेही होडीचाच भाग

आकार कितीही सुबक असो, एक गोष्ट कारागिराच्या हाती नसते : आत बसणारी माणसे. १७ जुलै १९४७ ची ती आषाढ अमावास्या जुन्या लोकांच्या स्मरणातून गेली नव्हती. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात सापडली. लाटांचा मारा सुरू झाला, पाणी आत येऊ लागले, भेदरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसचा किनारा काही फार दूर नव्हता.

त्या उतारूंना दोष कसा द्यावा? पाणी अंगावर आले की माणूस पळणारच. पण त्या धावण्यात जे घडले तेच लहान होडीत दोनचार माणसांनीही घडते. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास असतो; तो खाली मांडी घालून बसला की हा बिंदू चांगला हातभर खाली येतो. दहा माणसे बसलेली होडी आणि तीच दहा माणसे उभी असलेली होडी, या तोलाच्या दृष्टीने दोन वेगळ्या होड्या आहेत. चंद्रभागेतला नावाडी ‘माउली, बसून घ्या!’ म्हणून ओरडतो तेव्हा तो आपल्यावर रुबाब करीत नसतो. बुगेरने पर्वतावर बसून जे गणित मांडले, तेच तो आपल्या भाषेत सांगत असतो.

मग होडीत बसताना आपण काय पाहावे? होडी डुलते की नाही, हे पाहू नये. थोडे डुलणे हा तिचा स्वभाव आहे. पाहावयाचे ते हे : सगळे बसल्यावर काठ पाण्यापासून किती वर उरला? वीतभरही उरला नसेल तर खुशाल उतरावे. पुढच्या खेपेला जाता येईल. तळाशी पाणी साचले आहे का? असेल तर ते उपसल्याशिवाय निघू देऊ नये. सामान पायांपाशी, मधोमध ठेवावे. काठावर किंवा आसनावर रचू नये. पक्षी दिसला म्हणून सगळ्यांनी एका बाजूला झुकू नये, छायाचित्रासाठी उभे राहू नये. तरंगणारे जाकीट अंगात घालून बांधलेले असावे, बाकाखाली ठेवलेले नव्हे. आणि उन्हाळ्याच्या दुपारनंतर आभाळ काळवंडू लागले, तर होडीवाला ‘चला, पोचवतो’ म्हणाला तरी आपण ‘आज नको’ म्हणावे. पाण्यावर वळिवाची वाट पाहण्यापेक्षा रस्त्याचा वळसा केव्हाही परवडला.

दिवाळी सरून थोडे दिवस उलटतात न उलटतात तोच कार्तिकी येते. पंढरपूरला चंद्रभागेच्या पाण्यावर द्रोणात ठेवलेले दिवे सोडतात. मुलांना बरोबर घेऊन ते जरूर पाहावेत. पानाचा तो इवलासा द्रोण, फाकलेल्या कडांचा, खोलगट बुडाचा. दिव्याचे सारे वजन खाली. प्रत्येक लाटेबरोबर तो डुलतो, कलतो आणि पुन्हा सरळ होऊन पुढे जातो. उथळ, पसरट पानावर ठेवलेला दिवा मात्र सुरुवातीला ऐटीत निघतो आणि पानाच्या कडेवरून पहिली लाट आत आली की विझतो. मुलांनी विचारले, ‘असं का?’ तर आता आपल्यापाशी उत्तर आहे. आणि त्यांना ते आताच, काठावर उभे असताना, समजावून सांगितले, तर पुढे केव्हातरी होडीत बसताना ती आधी काठ किती वर आहे ते पाहतील.